काडतुसाचं माप

अदलिया, बहारीन
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९८१

प्रिय शिवा,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मध्ये समुद्र आहे म्हणून वाचलास. अक्षर मोठं काढते आहे, ते का ते शेवटी सांगते. पोस्टात टाकलं तर बारा-पंधरा दिवस जातील आणि तू लिहितोस की देवदिवाळी झाली की निघायचं. म्हणून हे महादेवच्या हातात देते आहे. गारगोटीचा तो ड्रायव्हर, आमच्याच गल्लीत राहतो, उद्या रजेवर निघालाय. त्याला बजावलंय की आधी शिवाच्या घरी जा, मग स्वतःच्या. तो म्हणाला, इंशाल्ला वहिनी. मी म्हटलं, इंशाल्ला नको, मंगळवार सांग.

तू काय मागितलंस ते तुलाच वाचून दाखवते. आबांची पाचशे बोअरची दुनळी ठाण्यातून सोडवून आणलीस. परवाना रानडुकरांसाठी काढलास. नळ्या कढत पाण्याने धुतल्यास, दस्त्याला जवसाचं तेल पाजलंस, घोडे सैल केलेस. कोळ्याच्या जुन्या जाळ्याचं शिसं आणलंस. गोळीचा साचा माळ्यावर सापडला. पितळी काडतुसं रिकामी अकरा निघाली. टोप्या बेळगावहून आल्या, काळी दारू कुठून आली ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. आता फक्त दारूचं माप नाही. घरभर शोधलंस, कणगीत हात घालून पाहिलंस. आणि मग लिहितोस, अक्का, काडतुसं तूच भरायचीस, माप तुझ्या ध्यानात असेल, तेवढं कळव. नाहीतर तिकडे साहेब लोक पुष्कळ, कुणाकडून तयार काडतुसं मिळाली तर महादेवबरोबर पाठव. जशी काही खारकेची पिशवी मागतोस.

महादेवच्या बॅगेत काडतुसं सापडली असती तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार केलास? त्याला तीन मुली आहेत. आणि मला मूर्खाला काय झालं कोण जाणे, मी विचारलंही. आमच्या शिवणाच्या दुकानात बुदैयाची एक मडम पडदे शिवायला टाकते. तिचा नवरा न्यायला आला होता. मी मोडक्या इंग्रजीत बोअर सांगितला, बोटाने लांबी दाखवली. तो हसला. म्हणाला, असली काडतुसं आता कुणी करत नाही, ती बंदूक भिंतीवर टांगा. तो गेल्यावर दुकानातली बिल्किस मला म्हणाली, मालूबाजी, ब्लाउज का नाप लेते लेते तोप का नाप लेने लगीं? सगळ्या हसल्या. मीही हसले. नंतर मशीनवर बसले तर टाका सरळ येईना. मी का विचारलं, याचाच राग तुझ्यापेक्षा जास्त आला.

तू लिहितोस, गवा ऊस तुडवतो. तुझा ऊस वीस गुंठे आहे, शिवा. मी त्याच्या बांधावर वाढले आहे. मला उसाचं सांगू नकोस. गव्याला हात लावला तर आता तुरुंग आहे, कायदा होऊन नऊ वर्षं झाली. फॉरेस्टच्या माणसाला सांभाळून घेतलंय, हे वाक्य तू लिहिलंस आणि खोडलंस, पण मला खोडलेलं वाचता येतं. शेवटच्या ओळीत, पत्ता लिहायच्या आधी, तू सहज म्हणून लिहिलंस की शुभदाला शाळेत झाडावाल्याची पोर म्हणतात आणि ती दोन दिवस शाळेत गेली नाही. खरं पत्र तेवढंच आहे. बाकी दोन पानं तू उगाच भरलीस.

बारा वर्षं तू ते नाव घेऊन त्या गावात राहिलास. झाडावाला शिवा. बाप खाली तुडवला गेला आणि पोरगा झाडावर. जोती डोईफोडे तुला बघून अजून वर फांदीकडे बघतो, हे मला आईच्या पत्रांतून कळायचं. आता ते नाव मुलीपर्यंत पोचलं, म्हणून तुला गवा पाडायचाय. एक जनावर मेलं की जोतीचं तोंड बंद होईल, असा तुझा हिशेब. त्यासाठी तू बारा वर्षं न उडालेली बंदूक घेऊन, मापाशिवाय भरलेली काडतुसं घेऊन, हजार किलोच्या जनावरापुढे उभा राहणार. तुझी बायको मंगला सहा महिन्यांची पोटुशी आहे, हेही त्याच पत्रात आहे.

इथे आमच्या मेधाने तुझं पत्र हातात घेतलं. तिला मराठी अक्षर लागत नाही. ईसा टाउनच्या शाळेत सगळं इंग्रजी. तिने विचारलं, मामा काय मारणार? मी म्हटलं, गवा. मग तिने पुस्तकातलं चित्र काढलं, केसाळ मानेचं, आणि म्हणाली, बायसन, बट दॅट इज इन अमेरिका. मी म्हटलं, आपल्याकडचा वेगळा. काळा, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. एवढं सांगितलं आणि तिचं पुस्तक मिटून ठेवलं. तुझे दाजी जेवत होते. ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. त्यांना अर्धं माहीत आहे. उरलेलं आज तुला लिहिते आहे.

आबांनी तुला बंदूक धरायला शिकवली आणि मला काडतूस भरायला. का, तर माझा हात थरथरत नाही. संस्थानाच्या शिकारखान्यात त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली, संस्थान विलीन होताना ती दुनळी बक्षीस मिळाली, पण त्यांना अभिमान बंदुकीचा नव्हता. काडतुसाचा होता. रिकामं पितळ कोरड्या राखेने घासायचं. बुडाची जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, घोडा पडला की दारूला ठिणगी तीच देते, मग डोळे मिटून बोट फिरवायचं. टोपी बुडाशी सपाट लागली पाहिजे, नखाला अडता कामा नये. मग माप भरून दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मेणाची चकती, कागदात गुंडाळलेली गोळी. शेवटी टोपीच्या कडेने मेणाची बारीक रेघ, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. आणि सगळ्यात आधी हात राखेने धुवायचे. स्वयंपाकघरातून आलेल्या हाताने काडतुसाला शिवायचं नाही. ते म्हणायचे, मालू, बंदुकीला तेल, काडतुसाला राख. यात चूक केलीस तर चूक करणारा मरत नाही, दुसराच मरतो.

आबा गेले त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. आबांनी मला हाताने फिरवायचं शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. आठवतं का, तू त्याच्या चाकात बोट घालून रक्त काढलं होतंस. त्याबरोबर तेलाची छोटी डबी होती, लांब चोचीची. पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला होता. माळ्यावरची भरलेली वीस काडतुसं खाली काढली तर बुडाशी, टोपीभोवती, हिरवा गंज धरला होता. राखेने एकेक घासून पुन्हा मेण लावायचं म्हणजे अख्खी सकाळ जाणार. मला लग्नातलं पोलकं पुरं करायचं होतं. मी चिंधीवर मशीनचं तेल घेतलं. प्रत्येक बुडावर दोन थेंब, जरा मुरू दिलं, पुसलं. हिरवं सगळं गेलं. मग त्याच तेलकट फडक्यात गुंडाळून, बुडं खाली करून, डब्यात उभी ठेवली. आबांनी त्यातलं एक काढून दाराच्या उजेडात धरलं. म्हणाले, सोनं केलंस की गं. त्यांनी विचारलं नाही. विचारायची त्यांना गरज वाटली नाही, कारण मी भरलेलं काडतूस कधी फसलं नव्हतं. ती काडतुसं पौषापर्यंत तशीच तेलात उभी होती.

त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही. तू सांगितलंस तेच मला माहीत आहे आणि ते शब्द न् शब्द खरं आहे. उजवी नळी उडाली, गव्याच्या खांद्याला लागलं, तो पडला नाही. डावीचा घोडा पडला आणि नुसतं टक झालं. आबांनी मागे न बघता हात पसरला. तू दोन काडतुसं हातावर ठेवलीस. त्यांनी भरली. पुन्हा टक. पुन्हा टक. मग गवा आला. तू झाडावर चढलास ते आबा पडल्यानंतर, आणि चढला नसतास तर आईला दोन प्रेतं उचलावी लागली असती. एकोणीस वर्षांचा होतास.

बैलगाडी अंगणात उभी होती आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, काडतुसं उडाली नाहीत. तेव्हा जोती डोईफोडे म्हणाला, त्येंचं काडतूस उडालं न्हाई असं आजवर झालंय व्हय? पोरानं काडतूस दिलंच न्हाई, आधीच वर चढलंय. आईने तुझ्याकडे बघितलं. मी तुळशीजवळ उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, अक्का तरी म्हणेल, असं होऊ शकतं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले.

तिसऱ्या दिवशी बंदूक पुसायला माझ्याकडेच आली. ठाण्यात जमा करायची होती. पंचनामा करणाऱ्याने ती उघडूनसुद्धा बघितली नव्हती. नळ्यांत दोन काडतुसं होती. मी ती उजेडात धरली. दोन्ही टोप्यांवर घोड्याची खूण होती, शिवा. खोल, मधोमध. तू काडतुसं दिली होतीस, आबांनी चाप ओढला होता, आणि टोपीत माझं तेल मुरलं होतं, ठिणगीच पडली नाही. ती दोन काडतुसं अंगणात नेऊन दाखवली असती तर तुझं नाव त्याच दिवशी धुऊन निघालं असतं. मी ती धुण्याच्या पाटीत घालून नदीवर नेली आणि डोहात टाकली. उरलेली सोळा त्यांच्यामागून. भर दुपारी, बायका धुणं बडवत होत्या. कुणी विचारलं नाही. परत येताना मला लग्न मोडायची भीती वाटत होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. आईने तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला माझ्यावर नको होती. एवढंच. तिने मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी दर महिन्याला तिला इथून पत्र लिहीत होते, आणि प्रत्येक पत्रात शेवटी शिवाला आशीर्वाद असं लिहीत होते.

आता तुला समजलं असेल की मला राग का आला. तू ज्याच्यासाठी मरायला निघालायस ते तू केलेलंच नाहीस. गवा मारून तुझं काही सिद्ध होणार नाही, कारण ज्याने सिद्ध झालं असतं, ते मी डोहात टाकलं. तू मला दोष दे, पत्र पाठवणं बंद कर, दिवाळीला माझं नाव घेऊ नकोस. ते मी सोसेन. पण माप देणार नाही. ते घरात सापडणार नाही, कणगी उगाच उपसलीस. काडतूस कापून आबांनी केलेलं ते पितळी माप मी येताना घेऊन आले. माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, त्यात मी सुया ठेवते. रोज सकाळी मशीनला तेल घालताना ते दिसतं. ते तिथेच राहील.

देवदिवाळीला देवळात सगळे जमतील, जोतीही येईल. त्या दिवशी बंदूक ठाण्यात परत कर आणि संध्याकाळी हे पत्र सगळ्यांसमोर वाचायला लाव. तू वाचू नकोस, तू गाळशील. शुभदा चौथीत आहे, तिला मोठं अक्षर वाचता येतं, म्हणून एकेक अक्षर सुटं काढलंय आणि जोडाक्षरं दोनदा गिरवली आहेत. तिला आधी घरी एकदा वाचू दे. अडखळली तर अडखळू दे. फक्त एवढं सांग, जिथे आत्याचं नाव येतं तिथे आवाज बारीक करायचा नाही.

तुझीच,
मालूअक्का