करंगळीएवढा इंजिनवाला

३ जानेवारी
प्रिंटर आला. थ्रीडी, रेझिनचा. बायकोने विचारलं, हे कुठे ठेवणार? म्हटलं, योग्य जागी. योग्य जागा अजून ठरलेली नाही. तूर्तास प्रिंटर इस्त्रीच्या टेबलावर, इस्त्री जमिनीवर.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. खाडीवर पूल झाला आणि सासऱ्यांची फेरीबोट कायमची बंद पडली. ते तिचे कप्तान. निवृत्त झाल्यापासून तिची लाकडी प्रतिकृती करताहेत. शिडी, दोर, इंजिन, सगळं हातचं. २१ फेब्रुवारीला ती धक्क्यावरच्या जुन्या तिकीटघरात मांडणार आहेत. माझ्याकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली : त्यांच्या इंजिनवाल्याची करंगळीएवढी आकृती. जिवाभावाचा मित्र, मागच्या वर्षी गेला. त्याची बायको कार्यक्रमाला येणार आहे. लाकडात चेहरा जमत नाही, हात थरथरतो, म्हणाले.

म्हटलं, एकच कशाला, बोटीवरची पाचही माणसं करून देतो. ते म्हणाले, एकच पुरे. संकोची माणूस.

५ जानेवारी
माहितीपुस्तिका वाचली नाही. आपल्याला कॉम्प्युटरची जाण आहे.

तत्त्व सोपं आहे. ट्रेमध्ये पातळ रेझिन ओतायचं. खालून प्रकाश पडतो, थरावर थर घट्ट होत जातो आणि आकृती वटवाघळासारखी उलटी लटकत वर येते. सुरुवात कप्तानापासून केली. सासरे खूश होतील.

वर काहीच आलं नाही. कप्तान ट्रेच्या तळाशी चपटा होऊन बसला होता. थंडीचा परिणाम.

९ जानेवारी
संकल्प : प्रिंट चालू असताना झाकण उघडायचं नाही. खुर्चीत शांत बसायचं.

संध्याकाळी : उघडलं. मशीन जरा थांबवून फक्त बघितलं. पुन्हा थांबवून पुन्हा बघितलं. प्रत्येक थांब्याची एक रेघ कप्तानाच्या पोटावर उमटली. बायकोला सांगितलं, तो पट्टा आहे. ती म्हणाली, बाबा पट्टा कधीच लावत नसत.

१५ जानेवारी
वासावरून घरात मतभेद. माझ्या मते वास नाही. बायकोने प्रिंटर बंद गॅलरीत हलवला. तिथे गारठा, म्हणून त्याला तिची शाल गुंडाळली. थोडं रेझिन सांडलं. थोडंच. दुपारी ऊन आल्यावर शाल कडक होऊन आपली आपण उभी राहिली.

बायको बोलत नाही. कामाला शांतता मिळाली.

२२ जानेवारी
दोरवाला जवळजवळ जमला. आकृती छापताना तिला आधाराच्या बारीक काड्या लागतात, त्या शेवटी तोडायच्या असतात. तोडल्या. काडीबरोबर हातही आला. दुसऱ्या हाताने दोर धरता येतो.

सासऱ्यांचा फोन. इंजिनवाल्याचे फोटो पाठवू का, म्हणाले. म्हटलं, गरज नाही, माणूस पूर्ण डोळ्यांसमोर आहे. आमच्या लग्नात भेटलो होतो. बहुधा.

२ फेब्रुवारी
तिकीटवाला ऑफिसात नेला. लोकांना कळावं आपण रिकाम्या वेळात काय करतो. साहेबांनी तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि आपुलकीने विचारलं, दाढ कधी काढली?

दोष उघडच मशीनचा आहे. घरगुती मशीनची झेप ती केवढी. माझी कल्पना तिच्या पुढे धावते.

८ फेब्रुवारी
बायको बोलली. म्हणाली, बाजारात प्रिंट करून देणारे आहेत, त्यांना द्या. मी ठाम नकार दिला. धंदेवाल्यांच्या कामात जीव नसतो.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

१२ फेब्रुवारी
प्रिंटच्या दुकानात गेलो. फक्त बघायला. तिथे कपाटाएवढी मशीन्स, दागिन्यांचे साचे, कवळ्या. दुकानवाल्या बाईंना पाच माणसांचं काम सांगितलं. त्या म्हणाल्या, तारखेआधी एकच होईल, बोला कुठला.

इंजिनवाला. त्याची कॉम्प्युटरवरची फाईल अजून केलेलीच नव्हती. घरी येऊन एका बैठकीत केली. चहाला उठलो ती बैठक धरायची नाही.

१७ फेब्रुवारी
मिळाला. निर्दोष. शर्टाची बटणं, बुटांच्या लेस, नखंसुद्धा. बाई म्हणाल्या, हल्ली बरेच जण स्वतःची आकृती करून घेतात, तुमची छान आली आहे.

स्वतःची नाही, म्हटलं. बाई सॉरी म्हणाल्या.

घरी बायकोने भिंग लावून पाहिलं. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. फोटो का मागितले नाहीत, एवढंच विचारलं. चेहऱ्याला काहीतरी पाया हवा म्हणून मी मोबाईलने स्वतःचा चेहरा स्कॅन केला होता. मग बदलायचा होता. मशीनने काही चूक केली असती तर फार बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी
पॉलिश पेपरने नाक थोडं कमी करायला गेलो. आता बिननाकाचा मी आहे.

१९ फेब्रुवारी
सासऱ्यांकडे गेलो. रस्त्यात तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार केली होती, कलेतलं स्वातंत्र्य वगैरे. त्यांनी आकृती हातात घेतली. म्हटलं, बाबा, चेहरा जमला नाही.

त्यांनी ती दिव्याखाली धरून सगळीकडून फिरवली. मग म्हणाले, "राहू दे. ठेवून जा." चहा दिला. पुलावरच्या रहदारीबद्दल बोललो.

२१ फेब्रुवारी
तिकीटघरात गर्दी. बोट काचेत. खरंच सुंदर झाली आहे. मी मागे उभा होतो, खिशात हात, पाय सारखे हलत होते. बायकोने दंडाला धरून ठेवलं.

सासऱ्यांनी इंजिनवाल्याला खाली इंजिनाच्या खोलीत उभं केलं होतं, तोंड इंजिनाकडे. चेहरा कुठूनही दिसत नव्हता.

त्याची बायको आली. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. सासऱ्यांनी तिला वाकून बोटीच्या गोल खिडकीतून बघायला सांगितलं. ती वाकली ती वाकलेलीच राहिली. मागचे लोक थांबले.

मग म्हणाली, "हेच. खांदे असेच पाडून उभे राहायचे. लग्न झाल्यापासून मी ही पाठच बघत आले."

सासऱ्यांनी तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, जावयांनी केलंय. ती आली, दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी नम्रपणे मान हलवली. फोटोवाल्याने फोटो काढला.

पाठीला मी हातही लावला नव्हता. ती सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. 'उभा पुरुष, साधा'.