मागे अडकलेली पत्रं

२१ सप्टेंबर १९९८
चेंदणीहून नौपाडा चालत बारा मिनिटं. कार्मेलच्या ई-मेल केंद्रात आज पहिला दिवस. शाळेपासूनची मैत्रीण ती. म्हणाली, "शेवंते, हाताखाली नाय गो, जोडीला ये." लोकांची परदेशातून आलेली पत्रं उतरवायची, छापायची, पाकिटात घालून द्यायची. माझ्या लेकाला, सहदेवला, जुलैत जहाजावर कामाला तिनेच लावलं, आपल्या नवऱ्याच्या जुन्या ओळखीने. तिचा बॉस्को दोन वर्षांपूर्वी समुद्रातच वारला, पण त्याच्या नावाला अजून मान आहे. सहदेवची पत्रं आता आधी माझ्याच हातात येतील. तिचा युजीन दिवसभर मावशी मावशी करत होता. संध्याकाळी तिघं टेंभी नाक्याची देवी पाहून आलो.

२३ सप्टेंबर
प्रोग्राम आज सहा वेळा बंद पडला. पत्रं रांगेने उतरतात. एका ठरावीक पत्राशी आलं की पडदा गोठतो आणि सगळं मिटतं. त्याच्या मागे एकवीस पत्रं अडकली आहेत. आवडाबाई दुबईच्या लेकीच्या पत्रासाठी तीनदा येऊन गेली. म्हणाली, "यापेक्षा पोस्टमन बरा, निदान सायकल पंक्चर झाली म्हणून तरी सांगतो." कार्मेल म्हणाली, होतं असं, त्या पत्राला हात लावू नको.

२५ सप्टेंबर
इंटरनेट कंपनीत फोन केला. पत्र न उतरवता त्याच्या वरच्या चार ओळी कशा पाहायच्या, तिथल्या तिथे कसं खोडायचं, ते एकाने नीट सांगितलं. पाहिल्या ओळी. पाठवणारा बॉस्को. पत्र परवापासून अडकलेलं, तारीख मात्र कालची. कार्मेल, इथं एकटाच आहे. पोरगा कधी पाठवतेस?
कुणाची ही दुष्ट चेष्टा? तिला सांगायचं कसं?

२६ सप्टेंबर
सांगितलं नाही. त्याच ओळी पुन्हा पाहिल्या. तारीख आजची. मजकूर वेगळा. पाठवलास तो दिसला. जवळ आलाय.
म्हणजे तिने उत्तर दिलं होतं. गेलेल्या पत्रांत शोधलं. जूनमधलं सापडलं. युजीन एकुलता आहे रे. त्याच्या वयाचा दुसरा लावते जहाजावर. नाव सहदेव.
सहदेवही एकुलताच आहे, कार्मेल. त्याच्या बारशाला तू होतीस.

२८ सप्टेंबर
विचारलं. तिने नाकारलं नाही. म्हणाली, तूही आईच ना, कळेल तुला. म्हणून तर तुला इथे आणलं, त्याची पत्रं तरी मिळतील. मग रोजच्यासारखी माझ्या डब्यातली भाजी वाढून घेतली.
ती उठल्यावर बॉस्कोचं ते अडकलेलं पत्र खोडलं.

२९ सप्टेंबर
मागची सगळी उतरली. आवडाबाई हसत गेली. सहदेवची दोन. पहिल्यात, उलट्या थांबल्या, भात बरा मिळतो. दुसऱ्यात, खाली इंजिनाजवळ एक काका भेटतात, ठाण्याचे. बाकी कुणी त्यांच्याशी बोलत नाही.
सहदेवला परत बोलवायला जहाजाच्या एजंटला फोन करतेय, लागत नाही.

३० सप्टेंबर
सहदेवचं तिसरं आलं. प्रोग्राम त्याच्यावर बंद पडला.
पुन्हा.
पुन्हा —

१ ऑक्टोबर
वरच्या चार ओळी. आई, काका सोडत नाहीत. माझ्या जागी कुणी आलं तर सोडतील म्हणतात. आई, कुणाला तरी —
कार्मेल चर्चला गेली आहे. युजीन चहा गाळतोय. मावशी, साखर किती, म्हणून विचारतो.
उत्तराची चौकट उघडली आहे. युजीनचं नाव लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं —
बॉस्कोने मूळ मागितला होता तो हाच. मी नवीन काही —
कप घेऊन येतोय. एक बटण दाबायचं, एवढंच —
मावशी म्हणतो मला. मावशी —