घोट्याच्या वर चार बोटं

ओजिमा, जपान, मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी नात झाली.

बाळंतपणात सोबतीला मृणालने लिन-सान नावाची चिनी बाई ठरवली, तेव्हा मी फुगले होते. मग पुण्याहून मी आले कशाला? बाई माझ्याहून मोठ्या. कळ आली की खाली बसून मृणालचा पाय धरायच्या, घोट्याच्या वर चार बोटं मोजून अंगठ्याने दाबायच्या. त्यांच्या वैद्यकीतली जागा म्हणे. मृणाल तेवढ्या कळांतही पाय ओढून घ्यायची. "आई, एवढ्या मोठ्या बाई माझे पाय धरतायत गं!" लिन-सानचा अंगठा हलला नाही.

त्या मृणालशी जपानीत बोलायच्या; मला जपानी येत नाही. त्यांनी माझा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला आणि स्वतः बाजूला सरकल्या. पुढची कळ चढताना, ओसरताना मला अंगठ्याखाली कळत होती. खरंच कळत होती, की मला वाटलं? मृणालने मात्र पाय ओढला नाही.

आत्ता स्वतःच्या घोट्यावर चार बोटं मोजून दाबून पाहिलं. मृणालच्या जन्माच्या वेळी माझी आई रात्रभर दाराबाहेर बसून होती. तिला कोणी आत घेतलं नाही.