ताइफच्या गारा

चि. ज्ञानदा हिस सप्रेम आशीर्वाद.

न्हाणीघरात घसरून माझे मनगट मोडले, असे मी तुला फोनवर सांगितले. ते असत्य आहे. कामानिमित्त रियाधहून डोंगरावरच्या ताइफला गेलो असता रस्ताभर गारा पडल्या. तुझी आई वेचत असे, तशाच मी त्या वाटीत वेचू लागलो आणि त्यांच्यावरूनच घसरून आपटलो.

"साहेब, आधी हात दाखवा!" सहकारी गिरीश ओरडला.

"आधी वाटी धर. वितळतील."

"अहो, वय काय तुमचं!"

हे पत्र मी पाठवणार नाही. आईच्या पश्चात मी रियाधला एकटा राहण्यास समर्थ आहे, हे तुला महत्प्रयासाने पटवले आहे. माझ्या वाटणीच्या गारा तिथेच खाल्ल्या. तुझ्या आईच्या वाटणीच्या बर्फाच्या पेटीतून घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत.

तुझा शुभचिंतक पिता,
श्रीनिवास