परत मागितलेला शब्द

तुरुंगातून, ९ सप्टेंबर

ती. आजोबांस टेरेलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्यामुळे घरीच बसून असतो असं तुम्ही लिहिता, आणि शेजारचे एलायजाकाका कळवतात की तुम्ही छपरावर चढला होता. तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही, म्हणजे काकाच लबाड!

बातमी अशी. एकोणिसाव्या वर्षीच्या माझ्या त्या मारामारीमुळे पुढच्या खटल्यात शिक्षा जवळजवळ दुप्पट झाली होती. आता वरच्या न्यायालयाने ठरवलंय की तसला गुन्हा त्यासाठी धरायचा नाही. वर्षाच्या आत अर्ज केला तर सुटशील, असं वकील पेरेझबाई म्हणतात. अडचण एकच. गुन्हा कबूल करताना सरकारशी झालेल्या करारात, शिक्षेविरुद्ध कधीही दाद मागणार नाही, असं मी सही करून दिलंय. कायदा नंतर बदलला तरी ती सही बांधतेच. शेजारच्या कोठडीतला मॅककॉय गुन्हा कबूल न करता लढला, हरला, पण तसली सही नसल्यामुळे आता तोच घरी चाललाय.

मी बाईंना सांगितलं की आमच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत, अर्ज नको. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही मात्र समजून घ्याल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमचा टेरेल


विंडसर, २० सप्टेंबर

चि. टेरेल यास थर्मन रॅस्को याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून ऊर भरून आला. मी चौथीपुढे शिकलो नाही. तथापि शब्द पाळण्याची विद्या तुला देऊ शकलो, याचा मला अभिमान वाटतो. सही केलीस, ती पाळावीस.

एवढे लिहून होते तोच एलायजा ओसरीवर आला. त्यास मजकूर वाचून दाखविला. तो कौतुक करील अशी माझी अपेक्षा होती. त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला की थर्मन, तू हट्टी खेचर आहेसच, आता नातवालाही खेचर करून ठेवलंस.

मग त्याने नदीच्या वरच्या वळणाची गोष्ट काढली. तेथे जाळे टाकणार नाही, असा शब्द मी त्यास दिला होता. पुढे पुराने पात्र बदलले, शॅड मासे सगळे तिकडूनच जाऊ लागले आणि माझी जाळी रिकामी येऊ लागली. तरीही मी शब्द पाळला. कित्येक हंगामांनी त्यास हे उमगले, तेव्हा तोच माझ्या दारी येऊन ओरडला होता की अरे, विचारायचं तरी होतंस, मी काय नाही म्हटलं असतं?

टेरेल, शब्द मोडणे निराळे. ज्यास दिला त्याच्याकडे तो परत मागणे निराळे. पेरेझबाईंमार्फत सरकारी वकिलांस सरळ विचार: सही माझीच आहे, ती मी नाकारत नाही, परंतु कायदा बदलला, आता आपण मला मोकळे कराल काय? नाही म्हणाले, तर मान ताठ ठेवून राहा. न विचारता मात्र राहू नकोस. माझे वय तुला ठाऊक आहे.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच.

थर्मन रॅस्को


तुरुंगातून, १४ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न.

विचारलं! सरकारी वकील हॅलोरनसाहेबांनी न्यायालयाला कळवलं की करारातल्या त्या कलमाचा आधार आम्ही घेणार नाही. काल न्यायाधीशबाईंनी नवी शिक्षा सांगितली: भोगली तेवढी पुरे. तुला काही बोलायचंय का असं विचारलं, तर मी उठून हॅलोरनसाहेबांचेच आभार मानत सुटलो. पेरेझबाईंनी बाही ओढून मला खाली बसवलं.

एलायजाकाकांना सांगा, खेचर घरी निघालंय.

तुमचा टेरेल


विंडसर, २ एप्रिल

श्री. हॅलोरन, सरकारी वकील, यांस थर्मन रॅस्को याचा सा. न. वि. वि.

आपला माझा परिचय नाही. माझ्या नातवाची सही आपल्या हाती होती आणि ती धरून ठेवण्याचा आपणांस पूर्ण अधिकार होता. सोडण्याची सक्ती कोणतीही नव्हती, असे पेरेझबाईंकडून समजले. म्हणूनच हे पत्र.

टेरेल घरी आहे. रविवारी चर्चमध्ये तो माझ्या शेजारी उभा राहून मोठ्याने गायिला. अत्यंत बेसूर गायिला. त्यास थांबविण्याचे धैर्य मला झाले नाही.

तो पुन्हा वाट चुकणार नाही, असे मी आपणांस लिहून देणार होतो. परंतु दुसऱ्याचा शब्द देण्याचा मला अधिकार नाही. सबब खालची जागा त्याच्यासाठी कोरी सोडली आहे.

आपल्या घरी सर्वांस सुख लाभो, ही रोजची प्रार्थना. कळावे.

थर्मन रॅस्को

साहेब, या वेळी माझा शब्द कोणी मागितलेला नाही, म्हणूनच देतो. पुन्हा तुमच्यासमोर उभा राहणार नाही.
टेरेल