आठवा लिफाफा

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठ तास ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या बसल्याच स्वीकार. तुझा गुडघा काय म्हणतो? (खरं सांग. मागे ‘छान आहे’ म्हणालीस आणि काठी घेतल्याचं मला फोटोत दिसलं.)

आम्ही ठीक आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. एम.एस्सी. नर्सिंगसाठी किती कॉलेजांत अर्ज करायचे, हा साधा प्रश्न मी चारचौघांत विचारला, ही माझी चूक. तुझे जावई म्हणाले, एकच कर, शिकणार तर एकाच ठिकाणी ना. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, वीस कर, नाहीतर नकार आला की माझ्यापुढे रडत बसशील. सासूबाई नुसती भांडी आपटत राहिल्या. (नऊ वर्षांत त्या आवाजाचा अर्थ मला पाठ झाला आहे, असं मी समजत होते.)

शेवटी आठ फॉर्म भरले. प्रत्येकाला ‘आमचंच कॉलेज का’ यावर पानभर निबंध हवा. मला लहानपणापासून तुमचीच ओढ होती, असं आठ वेळा लिहून हात मोडून आला. (एका निबंधात भलत्याच कॉलेजाचं नाव राहिलं. ते लिफाफा चिकटवल्यावर आठवलं.) त्यातलं आठवं तुमच्या गावचं. मला हवं ते थिएटर नर्सिंग तिथेच शिकवतात. बाकीची सात केवळ घरून जाऊन-येऊन जमतील म्हणून. पण दोन वर्षं परगावी म्हटल्यावर जावयांचा चेहरा उतरला, लेक जेमतेम सहा वर्षांची, म्हणून मीच तो फॉर्म चुरगाळून रद्दीत टाकला.

आज कुरिअरवाल्याकडे लिफाफे मोजले, तर आठ. थिएटरमध्ये आमचा नियम असा की मोजदाद जुळल्याशिवाय पोट शिवायचं नाही. गॉजचा एक बोळा इकडेतिकडे झाला तरी मोठे सर्जनसुद्धा हात वर धरून थांबतात. मी तीनदा मोजले. मागे रांग लागली. (एका गृहस्थांनी माझी शाळा कोणती ते विचारलं.) मग एका लिफाफ्यावरचं अक्षर सासूबाईंचं दिसलं. फोडला, तर आत तोच फॉर्म, इस्त्री करून सपाट केलेला, एक कोपरा करपलेला. बाकीचे सात रवाना केले आणि तडक घरी येऊन जाब विचारला. तर म्हणे, चुरगाळलेलं काही मला घरात चालत नाही, आणि पुन्हा भांडी. या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत आहे का, तूच सांग. मीही आता हट्टाला पेटले आहे. अर्ज सात म्हणजे सातच.

काठी घेऊनच चालत जा.

तुझी,
थिएटरवाली भाची

ता. क. तुझ्या मागच्या खोलीतलं शिलाई मशीन हलवायला किती दिवस लागतील? सहज विचारते आहे.

आणखी एक ता. क. आठवा लिफाफा या पत्राबरोबरच टाकते आहे. माझ्या निबंधाखाली सासूबाईंनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे, ‘हिच्या मुलीला मी सांभाळीन.’ खोडरबर हाताशी होतं, पण खोडवेना. तशीच पाठवते आहे.