बाळंतिणीची बांधी

१९ जुलै
सापडलं! सारसाचं घरटं, डोमनलालकाकांच्या धानाच्या बांधीत — तलावाकडच्या कोपऱ्यात, गवतकाड्यांचा ढीग आणि त्यावर मादी बसलेली. नर दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभा. मी बाभळीआडून पाहिलं. ती उठली तेव्हा अंडं दिसलं. दुर्बिणीच्या काचेवर घामच घाम.

आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. मागच्या वर्षी घरटं तलावात होतं. एकाच पावसात तलाव इतका चढला की अंडी वाहून गेली. यंदा तलावात जागाच नाही — नुसता गाळ आणि बेशरमाची झुडपं. उन्हाळ्यात तर ढोरं आरपार चालत गेली. म्हणून सारस शेतात आले. आमच्या तलावावर आता ही एकच जोडी उरली आहे. ही गेली तर पाहुणे कशाला येतील? दहावीत शाळा सुटली तेव्हापासून लोकांना सारस दाखवणं हेच माझं काम. दुसरं काही येत नाही.

आई म्हणाली, "पाखराचं अंडं पाहून इतका घाम! लगन झाल्यावर तुह्या बायकोचं कसं होईल, बाबू?"

२० जुलै
काकांना सांगावंच लागलं. उद्या त्यांची धानाची रोवणी. बोलायचं सगळं मनात जुळवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं — "काका, तलावाकडचा तेवढा कोपरा..."
"काऊन? तिथं सोनं पुरलं हाये का?"
सांगितलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला.
"कोनाले सांगितलंस?"
"आईला."
"मंग गावाले मालूम झालंच."
हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. झोप लागत नाही.

२१ जुलै
कोपरा सोडला! काका धुऱ्यावरून रोवणाऱ्या बायांवर ओरडत होते — "तिकडं नोका जाऊ वो! बाळंतीन बसून राहिली तिथं!" तेवढ्यात नर येऊन अंड्यांवर बसला आणि मादी चरायला निघाली. बाया चिखलात हसून हसून वाकल्या. एक म्हणाली, "पाहा वो, नवरा बसते! आमच्यावाला त दूध उतू गेलं तरी उठत नाई!"

दुसरं अंडंही दिसलं.

लोकांचे शब्द बोलले तसेच लिहिले आहेत. बोली आहे, चूक नाही.

३० जुलै
पाऊस नाही. बांधीतलं पाणी आटत चाललं. पाणी आटलं की कुत्री थेट घरट्यापर्यंत जातील. काठी घेऊन बसून असतो.

५ ऑगस्ट
आजही नाही. आभाळ येतं आणि जातं. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सोडणार म्हणतात.

८ ऑगस्ट
कालव्याचं पाणी आलं! काकांनी लगेच युरिया टाकला. मी पोटभर जेवलो. आई ताटाकडे बघतच राहिली.

९ ऑगस्ट
पहाटेपासून असा पाऊस की समोरचं घर दिसेना. आई म्हणते, आधी झड लागायची, चार दिवस रिपरिप, सगळं शेत सावकाश प्यायचं. आता एक तर काहीच नाही, नाही तर सगळं एकदम.

पळत गेलो. पाणी घरट्याला टेकलं होतं. दोघंही चोचीने काड्या ओढून अंड्यांखाली सारत होते, एक क्षण थांबत नव्हते. मी फावड्याने धुरा फोडला. पाणी धो धो खालच्या बांधीत गेलं. घरटं वाचलं!

मग काका आले. "अबे! काल युरिया टाकला ना मी! सारं खत तिच्या बांधीत सोडलंस!"

खत माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि खालची बांधी फुलवंताकाकूंची! त्या काकांच्या भावजय, वारलेल्या धाकट्या भावाची बायको. वाटणी झाली तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये जो सापडेल त्याच्याशी बोलतात. आज मी सापडलो. काकू छत्री न घेताच आल्या होत्या.

"त्याहिले सांग संघदीप, मी खत मांगाले नाई गेली. पानी उतारानंच येते."
"तिले सांग, यंदा धान चांगलं झालं त माह्या नावाचा एक दिवा लाव म्हना."
"त्याहिले सांग, तो मेल्यावर लावतेत."

दोघांना सगळं ऐकू येत होतं. मी मध्ये भिजत उभा होतो. मग काकूंचं रोवणंही पाण्याखाली जाऊ लागलं. मला वाटलं, आता मी फोडलेला धुरा बुजवायला लावतील. त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतःचा नाल्याकडचा धुरा फोडला. पाणी गेलं, सोबत माती गेली, थोडं रोवणंही गेलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "बाळंतिनीले काय पान्यात ठेवाचं?"

हे कोणाला सांगायचं होतं, कळलं नाही.

१३ ऑगस्ट
गोंदियाहून फोन. एका जोडप्याला लग्नाआधीचे फोटो काढायचे आहेत. सारसाची जोडी जन्मभर साथ देते, म्हणून मागे सारस हवेत. मी म्हटलं, लांबूनच. "दूर से ही लेंगे भैया, टेंशन मत लो." हो म्हटलं. या मोसमातले पहिले पाहुणे!

१५ ऑगस्ट
लिहवत नाही.

लांबूनच उभे राहिले, शब्द पाळला. पण फोटोवाल्याने पेटीतून ड्रोन काढला. मी नको नको म्हटलं. "बस दो मिनट." ड्रोन घरट्यावर गेला. नर पंख पसरून धावला. मग मादीही उठली. दोघं आभाळाकडे चोच करून ओरडत होते आणि घरटं उघडं पडलं. कावळे टपलेलेच होते. मी चिखलातून पळालो, पडलो, पुन्हा पळालो. एक अंडं फुटलं होतं.

नवरीने सगळं पाहिलं. हर्षा नाव तिचं. तो लांबलचक लाल झगा घालून ती धुऱ्यावर खाली बसली आणि रडू लागली. "हमें नहीं पता था भैया." तिच्यावर काय रागवणार? तिला मीच आणलं होतं.

काका ओरडले नाहीत. "वर्षभर लोकाहिले या-या म्हनत तूच त होता, बाबू." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑगस्ट
मादी परत बसली. एक अंडं आहे.

१८ ऑगस्ट
काका सकाळपासून छत्री लावून धुऱ्यावर. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला. नाही, कावळ्यांवर. दुपारी फुलवंताकाकू आल्या.

"त्याहिले सांग, जेवाले जा. मी बसते."
"तिले सांग, झोपजो नोको."
"त्याहिले सांग, घोरते कोन ते साऱ्या गावाले मालूम हाये."

काका जेवायला गेले. परत आले तेव्हा काकूंसाठी पान आणलं होतं. माझ्या हातात दिलं. मी काकूंच्या हातात दिलं. मध्ये अंतर किती, तर हात लांब केला असता तरी पुरलं असतं!

२२ ऑगस्ट, पोळा
पिल्लू!! ओलं, तांबूस-पिवळं, ढेकळाएवढं. मान उचलली, पडली, पुन्हा उचलली. काका बैलांची शिंगं रंगवायची अर्धवट सोडून आले, बोटं लाल. "तिले सांग, निंगालं म्हना," असं मला सांगेपर्यंत काकू तिथे उभ्याच होत्या. आज त्या पदराने डोळे पुसत होत्या.

आईसुद्धा आली. माझ्या दुर्बिणीतून आजवर कधी पाहिलं नव्हतं तिने. आज परत द्यायलाच तयार नाही. "केवढंसं हाये रे! अन् पाय पाहा त्याचे!"

२४ ऑगस्ट
नागपूरच्या साहेबांचा फोन आला. दरवर्षी सगळ्यात मोठा गट तेच आणतात. चांगला माणूस. पुढच्या रविवारी येतो म्हणाले, बस ठरवतो, सारस आहेत ना?

मी धुऱ्यावरच होतो. पिल्लू मादीच्या पायांमधून चाललं होतं.

"नाहीत," म्हटलं. "आमच्या तलावावर आता सारस नाहीत. इतरांनाही कळवा."

तेवढ्यात दोघा सारसांनी माना वर केल्या आणि एकसाथ ओरडले.

"काय ओरडतंय रे तिकडे?"

"धुऱ्याचं भांडण आहे, साहेब," म्हटलं. "इथे रोजचंच." आणि फोन ठेवला.